रॉकवर सर्वांत मोठी छाप कुठल्या बँडची? हा वाद नीट घालण्यासाठी

रॉक ऐकणारी चार माणसं एकत्र बसली की कधी ना कधी हा विषय निघतोच: रॉक संगीतावर सर्वांत मोठा प्रभाव कुठल्या बँडचा? आणि बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत वादाचं भांडण होतं. एक जण बीटल्स म्हणतो, दुसरा लेड झेपलिन, तिसरी ब्लॅक सबाथ. मग जो तो आपलंच घोडं पुढे दामटत राहतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा बँड जिंकतो. रॉक नुकतंच ऐकायला लागलेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. नावं कानावरून गेलेली असतात, चार-दोन गाणी पाठही असतात, पण कोण मुद्द्याचं बोलतंय आणि कोण नुसतं आवडीचं, हे उमगत नाही. तो गप्प बसून राहतो.

त्याला गप्प बसावं लागू नये म्हणून हे लिहिते आहे. मला हा वाद मनापासून आवडतो. नीट घातला तर त्याच्याइतकी चांगली ऐकण्याची शिकवणी दुसरी नाही. आणि नीट घालायचा म्हणजे एकच गोष्ट सांभाळायची: प्रभाव आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, तो दाखवावा लागतो. कुणाच्या कानावर काय पडलं, कधी पडलं आणि त्यानंतर त्याच्या हातून वेगळं काय वाजलं, एवढं सांगता आलं की तुमचा मुद्दा उभा राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी: प्रश्न फोडून घ्या

रॉकवर प्रभाव म्हणजे नक्की कशावर? गिटारच्या आवाजावर? गाणं लिहिण्याच्या पद्धतीवर? स्टुडिओत रेकॉर्डिंग कसं करायचं यावर? की पोरांना मुळात बँड काढावासा वाटण्यावर? चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. वाद फिसकटतो तो बहुधा इथेच. एक जण गिटारबद्दल बोलत असतो, दुसरा गाण्यांच्या शब्दांबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपलं ऐकूनच घेत नाहीये.

चौथा प्रश्न बरेच जण विसरतात, म्हणून त्यावर जरा थांबते. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स अमेरिकेतल्या 'एड सुलिव्हन शो' या टीव्ही कार्यक्रमात पहिल्यांदा दिसले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. आकडा छाती दडपणारा आहेच, पण वादात उपयोगी पडतं ते दुसरंच. पडद्यावर चार तरुण होते. तेच वाजवत होते, तेच गात होते आणि बरीचशी गाणी त्यांनीच लिहिलेली होती. एकटा नायक पुढे आणि साथीदार मागे अंधारात, असं नव्हतं. अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीने पुढे अनेकदा सांगितलं की तो कार्यक्रम पाहून त्याला वाट सापडली: मित्र गोळा करायचे, वाद्यं शिकायची, बँड काढायचा. असं सांगणारे संगीतकार अमेरिकेत कितीतरी आहेत. त्या रात्री त्यांनी एखादा नवा सूर उचलला नाही. चार जणांनी मिळून काय करता येतं, याचं चित्र त्यांना मिळालं. हाही प्रभावच, आणि माझ्या मते फार मोठा.

आणखी दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवून टाका. एकटा कलाकार चालेल का? बँडच हवा म्हटलं तर सुरुवातीच्या रॉक अँड रोलचा गिटारवादक-गायक चक बेरी बाहेर राहतो. जिमी हेंड्रिक्सचं काय, त्याचा पहिला अल्बम तर तिघांच्या बँडच्या नावावर आहे? आणि रॉकची हद्द कुठवर मानायची, मेटल (जाड, जड गिटारचं रॉक) आणि पंक (छोटी, वेगवान, साधी गाणी) धरायचं की नाही? मी धरते. तुम्ही न धरलंत तरी चालेल, फक्त ते आधी बोलून ठेवा. अर्ध्या वादात हद्द सरकवणाऱ्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

दुसरी पायरी: खप बाजूला ठेवा

लोकप्रिय असणं, थोर असणं आणि प्रभावी असणं या तीन गोष्टींची गल्लत सर्रास होते. ती टाळायची तर व्हेल्वेट अंडरग्राउंडचं उदाहरण मनात पक्कं ठेवा.

न्यूयॉर्कच्या या बँडचा पहिला अल्बम मार्च १९६७ मध्ये आला. बिलबोर्डच्या यादीत तो तेव्हा १७१ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने १९८२ साली एका मुलाखतीत त्याच्याबद्दल जे म्हटलं ते आता म्हणीसारखं झालंय: पहिल्या पाच वर्षांत जेमतेम तीस हजार प्रती खपल्या, पण ज्याने ज्याने ती घेतली त्याने बँड काढला. वाक्य सुंदर आहे. पण वादात ते पुरावा म्हणून फेकू नका, कारण ते कौतुक आहे. पुरावा वेगळा आहे आणि तो जास्त भक्कम आहे. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या हातात या अल्बमची नमुना प्रत १९६६ च्या शेवटी, म्हणजे अल्बम बाजारात येण्याआधीच, पडली होती. त्याच्या मॅनेजरने ती न्यूयॉर्कहून आणली होती. जॉय डिव्हिजन हा बँड व्हेल्वेटचं गाणं मंचावर वाजवायचा, आर.ई.एम.ने त्यांची एक सोडून तीन गाणी रेकॉर्ड केली, निर्वाणानेही एक केलं. बोवी, मँचेस्टरचा अंधारलेला पोस्ट-पंक बँड, अमेरिकेच्या दक्षिणेतला गिटार बँड आणि सिअ‍ॅटलचा ग्रंज (नव्वदच्या दशकातलं खरखरीत गिटारचं रॉक) बँड: चार ठिकाणची, तीन दशकांतली माणसं एकाच विहिरीवर पाणी भरायला आली. याला प्रभाव म्हणतात.

(जाता जाता: व्हेल्वेटची एक रेकॉर्ड चेक नाटककार व्हात्स्लाव हावेल १९६८ साली न्यूयॉर्कहून प्रागला घेऊन गेले होते. व्हेल्वेटची गाणी वाजवणाऱ्या 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या चेक बँडच्या लोकांवर १९७६ मध्ये खटला भरला गेला आणि त्या खटल्यातूनच 'चार्टर ७७' ही हक्कांची चळवळ उभी राहिली. अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. पण आपला प्रश्न रॉकवरच्या प्रभावाचा असेल तर ही गोष्ट त्यात मोजू नये.)

तिसरी पायरी: कड्या जोडून दाखवा

हा सगळ्या वादाचा गाभा, म्हणून इथे घाई करू नका.

गायनात आपण म्हणतो की अमक्याच्या गळ्यावर तमक्याचा संस्कार आहे, आणि मग एखादी हरकत, एखादी जागा दाखवून देतो. इथेही तसंच करायचं. जागा दाखवायची. समजा तुमचा दावा आहे की बीटल्समुळे गिटारचा आवाज बदलला. आता तो कडी कडीने मांडून पाहू.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कला असताना जॉर्ज हॅरिसनला रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार मिळाली. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. वरच्या जोड्या एकाच सुराच्या, खालच्या एकमेकींपासून सप्तकभर अंतरावरच्या. त्यामुळे एकच सूर छेडला तरी त्याला घंटेसारखी किणकिण येते. ती गिटार त्याच वर्षीच्या बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटात दिसली आणि ऐकू आली. रॉजर मॅग्विनने तो चित्रपट पाहिला आणि तशीच गिटार मिळवली. १९६५ साली त्याच्या बर्ड्स या बँडचं 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' आलं. बॉब डिलनचं गाणं, वर बारा तारांची किणकिण, आणि अमेरिकेत पहिला क्रमांक. फोक-रॉक म्हणून जे ओळखलं जातं त्याचा आवाज इथे ठरला.

साखळी इथे थांबत नाही, आणि हाच भाग मला सर्वांत लाडका आहे. त्याच वर्षाच्या शेवटी हॅरिसनने 'इफ आय नीडेड समवन' लिहिलं आणि त्यातली गिटारची ओळ बर्ड्सच्या 'द बेल्स ऑफ रिम्नी'वरून सुचल्याचं त्याने स्वतः मान्य केलं. म्हणजे गिटार हॅरिसनकडून मॅग्विनकडे गेली आणि चाल मॅग्विनकडून हॅरिसनकडे परत आली. दोन्ही गाणी लागोपाठ लावा. संगीतातलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसालाही ते नातं ऐकू येतं. पुढे हीच किणकिण टॉम पेटीच्या आणि आर.ई.एम.च्या पहिल्या अल्बममध्ये सापडेल.

या गोष्टीत माणसं आहेत, वर्षं आहेत, वस्तू आहे आणि कबुली आहे. एवढं हातात असलं की समोरच्याला नुसतं 'मला नाही पटत' म्हणून सुटता येत नाही. कबुलीला सर्वांत जास्त वजन द्या. कर्ट कोबेनने १९९४ साली एका मुलाखतीत सांगितलं होतं की निर्वाणाचं सर्वांत गाजलेलं गाणं लिहिताना तो पिक्सीज या अमेरिकन बँडची नक्कल करायला बघत होता. पिक्सीजची युक्ती काय? कडवं दबक्या आवाजात, जवळजवळ नुसत्या बेस आणि ड्रमवर, आणि ध्रुवपद आलं की सगळी वाद्यं एकदम अंगावर. पिक्सीजचा १९८८ चा अल्बम आणि निर्वाणाचा १९९१ चा अल्बम शेजारी ठेवून फक्त एवढंच ऐका: आवाज कुठे खाली जातो आणि कुठे उसळतो. गाण्याचा अर्थ, सूर, काहीही बघू नका. कान तयार व्हायला याहून सोपा धडा नाही.

एक सावधगिरी. 'सर्वांत आधी कुणी केलं' आणि 'कुणामुळे पसरलं' हे प्रश्न वेगळे आहेत. १९६४ साली द किंक्सचा सतरा वर्षांचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस आपल्या छोट्याशा अँप्लिफायरच्या आवाजाला कंटाळला होता. त्याने दाढीचं ब्लेड घेतलं आणि स्पीकरचा कागदी पडदा चिरला. चिरलेला कागद थरथरू लागला आणि गिटारचा आवाज खरखरीत, दातेरी झाला. तोच आवाज 'यू रिअली गॉट मी'वर आहे. आता कुणीतरी म्हणेल, हे तर लिंक रेने १९५८ मध्येच केलं होतं, त्याने स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. बरोबर आहे. 'पहिला' हा मान किंक्सना देता येणार नाही. पण १९७८ मध्ये व्हॅन हेलनने आपल्या पहिल्याच अल्बमवर किंक्सचं तेच गाणं घेतलं, आणि त्या मधल्या चौदा वर्षांत किती गिटारी त्या खरखरीच्या मागे गेल्या ते मोजायला गेलात तर रात्र पुरायची नाही. पहिलेपणाचा मान लिंक रेला द्या आणि किंक्सच्या बाजूने बोलत राहा.

चौथी पायरी: तारखा तपासा

ही पायरी मी ठेच लागून शिकले. बरीच वर्षं मी एक गोष्ट अगदी खात्रीने सांगायचे: ४ जुलै १९७६ ला रमोन्स न्यूयॉर्कहून लंडनला आले, राउंडहाउसमध्ये वाजले, आणि ते बघून सेक्स पिस्टल्स आणि द क्लॅश हे बँड जन्माला आले. ऐकायला किती छान! एक रात्र, एक ठिणगी, अख्खं ब्रिटिश पंक. एकदा एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "त्या रात्री पिस्टल्स कुठे होते?" मी शोधलं. सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९७५ मध्येच झाला होता. आणि ४ जुलै १९७६ च्या रात्री ते लंडनमध्ये नव्हतेच. ते शेफील्डला वाजत होते, आणि त्यांच्या आधी मंचावर होता द क्लॅश, त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या कार्यक्रमासाठी. माझी गोष्ट एका प्रश्नात कोसळली.

म्हणजे रमोन्सचा प्रभाव खोटा का? मुळीच नाही. त्यांचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ मध्येच आला होता: चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत. गाणं दोन मिनिटांत संपवायचं, गिटारवर एकल तुकडा नाही, वेग कमी करायचा नाही, हा साचा पंकच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांनी वापरला. दावा तेवढाच ठेवला असता तर कुणाला खोडता आला नसता. मी तो सजवला आणि गमावला.

याच काळातली खरी ठरणारी गोष्ट हवी असेल तर मँचेस्टरला चला. ४ जून १९७६ ला तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजले. कार्यक्रम ठरवला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांनी, म्हणजे पुढचे बझकॉक्स. प्रेक्षक चाळीसच्या आसपास. त्यांत पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, पुढचे जॉय डिव्हिजन. हुकने दुसऱ्याच दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली. मॉरिसी होता, पुढचा द स्मिथ्सचा गायक. तिथे होतो असं सांगणाऱ्यांची संख्या नंतर त्या चाळिसाच्या कितीतरी पट झाली, तेव्हा इथेही नाव नाव तपासूनच घ्या.

पाचवी पायरी: एक पाऊल मागे जा

कुठल्याही बँडचं नाव घेतलंत की स्वतःलाच विचारा: ही पोरं सोळाव्या वर्षी काय ऐकत होती?

बीटल्सच्या बाबतीत उत्तर लगेच मिळतं. त्यांचं नावच बडी हॉली या अमेरिकन गायकाच्या क्रिकेट्स या बँडवरून सुचलेलं, एका किड्यावरून दुसरा किडा. १९५८ मध्ये, बीटल्स हे नावही नव्हतं तेव्हा, लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांनी लिव्हरपूलच्या एका छोट्या स्टुडिओत जे गाणं रेकॉर्ड केलं ते क्रिकेट्सचं 'दॅटल बी द डे' होतं. आपली गाणी आपण लिहिणारा, गिटार-बेस-ड्रमवर उभा असलेला बँड हा साचा क्रिकेट्सनी १९५७ मध्ये मांडून ठेवला होता. हॉली ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान अपघातात गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. या वादात क्रिकेट्सचं नाव फार कमी वेळा निघतं. तुम्ही काढा. सगळे दोन मिनिटं गप्प होतात आणि मग वाद जास्त चांगला होतो.

रोलिंग स्टोन्सचं नाव मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या गाण्यावरून आणि पहिली सिंगल चक बेरीची. आणि चक बेरीच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प होती, चर्चची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवायची की पुढच्या रॉक अँड रोलची चाहूल त्यात स्वच्छ ऐकू येते. रॉकचं मूळ कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज आणि गॉस्पेलमध्ये आहे. 'बँड कुठला' असा प्रश्न घातला की एकेकटे वाजवणारे हे लोक आपोआप गळतात, आणि उत्तरात बहुतेक ब्रिटिश गोरी पोरं उरतात. हे प्रश्नाच्या रचनेमुळे होतं. वादात हे एकदा तरी मोठ्याने बोललं जावं असं मला फार वाटतं.

प्रभाव आणि उचलेगिरी यांतली सीमाही इथेच येते. लेड झेपलिनच्या 'होल लॉटा लव्ह'चे शब्द विली डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेल्या गाण्याशी इतके जुळत होते की डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव आलं. झेपलिनची बाजू घेणाऱ्याने हे लपवू नये.

त्यांची बाजू घ्यायचीच असेल तर माझा सल्ला: गिटार सोडा, ड्रम धरा. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' रेकॉर्ड करताना हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या उंच प्रवेशदालनात ड्रम मांडले आणि माइक टांगले वर जिन्यात. म्हणून झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनमचा प्रत्येक ठोका नुसता वाजत नाही, भिंतींवरून फिरून येतो. ड्रमला खोलीचा आवाज असतो हे त्या रेकॉर्डिंगने अख्ख्या जगाला ऐकवलं. १९८६ मध्ये बीस्टी बॉईजनी तोच ठेका उचलून आपल्या अल्बमची सुरुवात केली. ती गोष्ट हिप-हॉपची, पण ठेक्याची ताकद कळायला पुरेशी आहे.

सहावी पायरी: वजा करून बघा

आता कठीण कसोटी. तो बँड झालाच नसता असं धरा. काय पडलं असतं?

यात माझा कौल ब्लॅक सबाथकडे जातो, आणि का ते सविस्तर सांगते. सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा. नोकरी सोडायच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. गिटार संपली असंच सगळ्यांना वाटलं. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो रेनहार्टची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं की हा माणूस आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी वाजवतो. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांना टोपणं बनवली, वर चामड्याचे तुकडे चिकटवले. टोपणांतून तार जाणवेना, म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर काही गाण्यांसाठी गिटार चक्क तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल, बोटांना सोपं, आणि आवाज जाड, जड, जमिनीत रुतलेला.

पहिला अल्बम त्यांनी एका दिवसात रेकॉर्ड केला. तो १३ फेब्रुवारी १९७० ला आला. पहिल्याच गाण्याची सुरुवात ऐका: पाऊस, घंटा, आणि मग तीन सुरांची ती ओळ. षड्ज, वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. तिसरा सूर लागतो तेव्हा पोटात काहीतरी हलतं. हेवी मेटलचं अख्खं घराणं त्या तीन सुरांत बसलेलं आहे.

आता वजा करा. मेटॅलिका काय वाजवेल? डूम मेटल ही मेटलची संथ, जड शाखा कुठून येईल? इलेक्ट्रिक विझर्ड या बँडचं नावसुद्धा सबाथच्या दोन गाण्यांच्या नावांतून जुळवलेलं आहे. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, त्यांच्या जुन्या घरांपासून जवळच, सबाथचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्यांच्या आधी मेटॅलिका, गन्स एन' रोझेस, स्लेअर, टूल, पँटेरा एकामागून एक मंचावर आले आणि सबाथची गाणी वाजवून उतरले. सबाथचा गायक ऑझी ऑसबोर्न सतरा दिवसांनी गेला. मंचावरची ती रांग हाच पुरावा होता.

सातवी पायरी: समोरासमोर बोलताना

थोडक्यात सांगते. वर्णन करण्यापेक्षा गाणं लावा. तीस सेकंद पुरतात, पण नेमके कुठले तीस ते आधी शोधून ठेवा. 'उगाच डोक्यावर घेतलंय त्यांना' हे वाक्य वापरू नका, त्यातून कुणाला काही शिकायला मिळत नाही. समोरच्याने तुमची कडी तोडली तर मोकळेपणाने सोडून द्या आणि दुसरी मांडा. आणि प्रभाव खोल आहे की रुंद, हे विचारत राहा: सबाथचा खोल, एकाच शाखेत मुळापर्यंत गेलेला. बीटल्सचा रुंद.

माझं उत्तर विचाराल तर, पहिल्या पायरीतले चारही प्रश्न एकत्र धरले की मी बीटल्सच म्हणते. बँडचा साचा त्यांनी जगभर नेला. २९ ऑगस्ट १९६६ नंतर दौरे थांबवून स्टुडिओलाच वाद्य केलं. लेननला तीच ओळ पुन्हा गायचा कंटाळा, म्हणून केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने यंत्राने आवाज दुहेरी करायची युक्ती काढली आणि ती पुढे सगळ्यांनी वापरली. त्यांच्या १९६५ च्या 'रबर सोल'ने ब्रायन विल्सनला पेटवलं, त्यातून बीच बॉईजचा 'पेट साउंड्स' आला, आणि तो ऐकून मॅकार्टनी 'सार्जंट पेपर'कडे वळला. तरी एक गोष्ट मला खुपते. बीटल्सचा प्रभाव पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलाय, सगळीकडे आहे आणि बोट ठेवायला गेलं की सापडत नाही. सबाथचा ठसा अजूनही बोटांच्या ठशासारखा ओळखता येतो. पुरावाच मागितला तर सबाथची बाजू मांडणं सोपं जातं. ज्या दिवशी मला हा फरक फार टोचतो त्या दिवशी मी सबाथ म्हणते.

पहिल्या संध्याकाळची तयारी

एकच बँड निवडा, एकच गाणं निवडा. त्या बँडने आधी काय ऐकलं होतं त्यातलं एक गाणं शोधा, आणि ज्यांनी या बँडला ऐकलं त्यांचं एक. तिन्हींची वर्षं कागदावर लिहा. मग तिन्ही तीनदा ऐका: एकदा फक्त ड्रम, एकदा फक्त बेस, एकदा गिटार. काय पुढे गेलं ते एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर ती कडी अजून तुमच्या हातात आलेली नाही, दुसरी शोधा.

सुरुवातीला तयार त्रिकूट हवं असेल तर क्रिकेट्सचं 'दॅटल बी द डे', बीटल्सचं 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' आणि बर्ड्सचं 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' घ्या. १९५७, १९६३, १९६५. ती लावा, तुमचं म्हणणं मांडा, आणि पुढचं गाणं समोरच्याला निवडू द्या.